पाठीवरची थाप

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून सकाळी रंकाळ्याला जातो. संध्यामठाच्या अलीकडं सावलीतला एकच धड बाक आहे आणि त्यावर एक आबा कायमचे वस्तीला असतात. पंच्याऐंशीच्या घरातले, डोक्याला माकडटोपी, हातात काठी. काठी टेकायला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला.

परवा मला अडवलं.

"कुणाचा रं तू?"

पन्नाशीतल्या माणसाला असं विचारणारी माणसं आता कोल्हापुरातच उरलीत. मी आजोबांचं नाव सांगितलं आणि जोडीला, न विचारता, "खासबागच्या कुस्ती मैदानात पंजाबी पैलवान पाडला होता त्यांनी. शाहू महाराजांनी पाठीवर थाप मारली होती," हेही सांगितलं. आमच्या घरात पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर हे सांगतातच.

आबांनी टोपी कानावरनं वर सरकवली. "म्हाराज कवा गेलं?"

"१९२२."

"आन् तुझा आजा जलमला कवा?"

"१९१५."

"म्हंजे सातव्या वर्षी पंजाबी पाडला व्हय?"

बाजूला हातवारे करत व्यायाम करणारी मंडळी हात हवेतच ठेवून थांबली. हास्यक्लबवाले तर खरंखुरं हसले, एरवी बिचाऱ्यांना ओढूनताणून हसावं लागतं.

"तुझा आजा मला चांगला ठावं हाय," आबा म्हणाले. "मी बारका हुतो तवा तालमीत हौद्याची माती उकरायला असायचा. ताक, हळद, लिंबू, तेल घालून अशी मळायचा की पायाला लोण्यावानी लागायची. पर लंगोट? कवाच न्हाई! पैलवानाच्या खुराकातलं बदाम मातुर ह्यो खायचा."

बदामाचं सांगायची काय गरज होती? माती मळणं हलकं काम नाही, खडा राहिला तर पैलवानाची पाठ फाटते. पण हे सुचलं घरी आल्यावर, आंघोळीला बसलो तेव्हा.

खरं तर ह्या गावात ज्याला त्याला महाराजांची थाप मिळालेल्या आजोबांचा वारसा आहे. सगळ्या थापा खऱ्या धरल्या तर १९०१ चं मराठा बोर्डिंग, १९०२ चं पन्नास टक्के आरक्षण, १९०६ ची गिरणी, राधानगरीचं धरण, १९१२ चं खासबाग, हे सगळं महाराजांनी एका हातानं केलं असणार. दुसरा हात आमच्या आजोबांच्या पाठींवर गुंतलेला.

चिडायचं तर कशाकशावर? रंकाळ्यात सांडपाणी येतं, केंदाळ माजतं, फूटपाथवर गाड्या लागतात, कुत्री पोटऱ्यांचा वास घेत मागनं येतात. त्यावर आबा चकार शब्द काढत नाहीत. ह्या गावच्या इतिहासातली नेमकी एकच चूक दुरुस्त करायची राहिली होती, आमच्या दिवाणखान्यात फेटा बांधून टांगलेली! आता तिथली पोरंसोरं मला "काय मातीवाले" म्हणून हाक मारतात. परवा एकानं, "काका, बदाम?" असंही विचारलं. आज मी उलट बाजूनं, शालिनी पॅलेसकडनं फिरलो. तिकडं ऊन फार लागतं.

बाबांना सांगितलं तर त्यांनी पेपर खालीसुद्धा केला नाही.

"शाहू महाराज नसतील तर राजाराम महाराज असतील. १९२२ पासून गादीवर तेच होते की. थाप पडली, एवढं खरं."

"आणि पंजाबी?"

"पंजाबी कुठं जातोय? तेव्हा तालमीतालमीत पंजाबीच होते."

हा मुद्दा घेऊन उद्या पुन्हा त्या बाकावर जाणार आहे. फक्त १९२२ ते १९४० चे सगळे पंजाबी पैलवानही म्हाताऱ्याला नावानिशी पाठ असले तर पंचाईत आहे.