डेलावेअरची 'टॅक्स फ्री' खरेदी आणि रिटर्नमधला तो शून्य

एप्रिल आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर टॅक्सचे प्रश्न सुरू होतात, भारतातल्या एफडीचं व्याज कुठे दाखवायचं, आईबाबांना डिपेंडंट धरता येतं का, सगळं अगदी बारकाईने. पण यूज टॅक्सचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातून टॅक्स न भरता आणलेल्या वस्तूवर आपल्या राज्याला द्यायच्या टॅक्सचं, नाव काढलं की सगळे चिडीचूप. आणि हीच मंडळी थँक्सगिव्हिंगला डेलावेअरमधल्या क्रिस्तियाना मॉलचे फोटो टाकून "टॅक्स वाचवला" म्हणून मिरवत असतात.

वाचवला बिचवला काही नाही हो. डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही हे खरं, पण वस्तू वापरायला तुम्ही एडिसनच्या घरी आणता ना, मग न्यू जर्सीचा 6.625 टक्के यूज टॅक्स लागतो आणि दुकानाने घेतला नाही म्हणून तो आपण स्वतः भरायचा असतो. 2000 डॉलरचा लॅपटॉप असेल तर 132 डॉलर 50 सेंट. पेनसिल्व्हेनियात 6 टक्के भरून आणलात तर फक्त वरचा फरक, न्यूयॉर्क सिटीत 8.875 भरलेत तर काहीच नाही (जास्तीचे परत मात्र कोणी देत नाही). आणि नेहमीच्या कपड्यांवर तर न्यू जर्सीत मुळात टॅक्सच नाही, तरी लोक जीन्स आणायला टोल भरून पूल ओलांडतात, यावर काय बोलावं!

मला यामागचं लॉजिक पटतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवरचा दुकानदार टॅक्स लावून तोच मिक्सर, तोच टीव्ही विकतो, त्याने काय घोडं मारलंय?

पण वसुलीची पद्धत निव्वळ हास्यास्पद आहे. गाडी बाहेरून आणली तर रजिस्ट्रेशनच्या वेळी टॅक्स घेतल्याशिवाय सोडत नाहीत. ऑनलाइनचं म्हणाल तर 1992 च्या क्विल केसमुळे राज्यात दुकान-गोदाम नसलेल्या कंपन्यांना टॅक्स गोळा करायला लावता येत नव्हतं, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने वेफेअर केसमध्ये 5 विरुद्ध 4 ने ते फिरवलं, आणि आता बहुतेक ऑर्डरवर टॅक्स आपोआप कापला जातो. म्हणजे उरलं काय, तर डिकीत घालून आणलेला माल! त्याच्यासाठी एनजे-1040 वर, म्हणजे राज्याच्या इन्कम टॅक्स रिटर्नवर, एक ओळ आहे, देणं नसेल तर शून्य लिहा म्हणतात, आणि खाली आपण सही करतो ती खोटं लिहिलं तर शिक्षेला पात्र अशा शपथेवर. लाखो लोक शून्य लिहितात, सरकारलाही माहितीये, आणि जो खरा आकडा लिहितो तोच बावळट ठरतो.

माझं म्हणणं, हजार डॉलरच्या खालच्या वस्तू सरळ सोडून द्या. तसंही त्यांच्यासाठी पावत्या नसतील तर उत्पन्नावरून अंदाजे रक्कम भरायचा तक्ता सरकारने दिलाच आहे, हजार आणि त्यावरच्या वस्तू तेवढ्या वेगळ्या धरायच्या असतात. मग तेवढ्याच मागा ना, आणि नीट मागा.

परवा एक मैत्रीण म्हणाली, "अगं पण विचारतंय कोण?" बरोबर आहे, कोणी विचारत नाही. फक्त ज्यांना हे कारण पुरेसं वाटतं त्यांनी "भारतात कोणी टॅक्सच भरत नाही" हे फॉरवर्ड ग्रुपवर टाकणं तेवढं बंद करा.