बुडत्याला काडीचा आधार

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे जाणार असाल आणि तिकीट ऑगस्टचं असेल, तर निघण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्या. कोलेस्टेरॉलचा तो आकडा पुन्हा दिसायचा नाही, तेव्हा कागद आठवण म्हणून जपून ठेवा. नायगारा सगळेच पाहतात. धबधब्यासमोर निळा रेनकोट घालून काढलेला फोटो तुमच्या व्याह्यांकडेही आहे. तुम्ही जरा वेगळं काही करा. स्टेट फेअरला जा.

स्टेट फेअर म्हणजे अख्ख्या राज्याची जत्रा. देव नाही, पालखी नाही, बाकी सगळं आहे: रहाटपाळणे, बैल, धूळ, चुकलेली पोरं आणि तळणाचा वास. पहिली भरली 1841 साली, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला. हेतू फार चांगला होता. शेतकऱ्यांनी आपली उत्तम जनावरं आणि उत्तम पीक आणावं, एकमेकांचं बघून शिकावं, नवी अवजारं पाहावीत. तो हेतू आजही शाबूत आहे, फक्त आता तो मांडून ठेवलेला असतो. आयोवाच्या जत्रेत शेतीच्या इमारतीत शिरलात तर ताटल्यांत टोमॅटो दिसतील, एका मापाचे, तुकतुकीत, शेजारी निळी फीत. (इथे पहिल्या नंबराला निळी फीत मिळते.) कांदे असतील, भोपळे असतील. त्यांच्याकडे आदराने बघा, फोटो काढा आणि पुढे चला. भाजी ही इथे बघायची वस्तू आहे. शेतकऱ्याच्या या सत्कारसमारंभात शेतातून ताटात यायचं तर वाटेत कढई लागतेच.

ताटही नसतंच म्हणा. असते ती काडी.

काडीचं शास्त्र नीट समजून घ्या, कारण सगळी जत्रा तिच्यावर उभी आहे. डी मॉइनच्या या आयोवा जत्रेत साठाहून अधिक पदार्थ काडीला टोचून मिळतात. काडीचा फायदा असा, की ताट नाही म्हणजे जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणजे मोजदाद नाही. चालता चालता खाल्लेलं अंगाला लागत नाही, हे आपल्याकडे स्वयंपाक करता करता चव बघणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण पूर्वजांनी कशावरून केली असेल, ते मला इथे आल्यावर कळलं. बुडायचं तेलात असतं.

सुरुवात कॉर्न डॉगने करा. नावाला घाबरू नका. सॉसेज काडीला खोचायचं, मक्याच्या पिठात बुडवायचं, तळायचं. थोडक्यात, मुठीएवढ्या आत्मविश्वासाचं भजं. टेक्सासच्या जत्रेत फ्लेचर मंडळी 1942 पासून हेच विकताहेत. त्यानंतर पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचा हाडासकट तुकडा. त्याला काडीचीही गरज नाही, त्याचं स्वतःचं हाडच मुठीसारखं धरायला ठेवलेलं असतं. ज्याला अमेरिकेचा अध्यक्ष व्हायचंय तो आयोवात येऊन शेगडीवर हे चॉप उलटवतो आणि कॅमेऱ्यासमोर खातो. आपले उमेदवार नाही का, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खातात, तसंच. फरक इतकाच, की पिठलं खाताना माणूस साधा दिसू शकतो. कॉर्न डॉग तोंडात घातल्यावर राष्ट्रप्रमुखासारखं दिसणं कुणालाही जमलेलं नाही.

तिथेच उकडलेलं अंडं काडीवर लावून चक्क फुकट देतात. ते घेऊ नका. एकदा साधं, पौष्टिक, तेलाशिवायचं खाल्लंत की तोंडाची चव जाते आणि उरलेला दिवस वाया.

आता लोण्याकडे वळू. जत्रेचं मुख्य दैवत तेच आहे. आयोवात 1911 पासून लोण्याची गाय करतात. लाकूड, लोखंड, जाळीचा सांगाडा आणि त्यावर सुमारे सहाशे पौंड, म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या आसपास लोणी. थंड खोलीत काचेमागे उभी असते, लोक रांग लावून दर्शन घेतात. चोरून लोणी खाणारा देव आपल्याकडे आहे. इकडे लोण्याचीच गाय करून तिला कुलूप. पुढच्या वर्षी तेच लोणी पुन्हा वापरतात, असं बरीच वर्षं चालतं. सगळ्या जत्रेत तळण्यातून वाचलेलं लोणी तेवढंच.

बाकीचं तळतात. हो, लोणी तळतात. तुम्ही दोनदा वाचलंत, मीही पहिल्यांदा दोनदा ऐकलं होतं. हा शोध टेक्सासचा. डॅलसच्या जत्रेत 2005 पासून नव्या तळणांची स्पर्धा असते, तिच्यात एबल गोन्झालेस नावाच्या गृहस्थांनी 2006 साली कोका-कोला तळला. पातळ पदार्थ तळता येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी कृती देतो: पिठात कोकचा पाक घालायचा, छोटे गोळे तळायचे, वर पुन्हा कोकचाच पाक, दालचिनी-साखर, फेटलेलं क्रीम आणि चेरी. चेरी विसरू नका, फळ पोटात गेलं पाहिजे. 2009 मध्ये त्यांनीच लोणी तळलं. फेटलेल्या लोण्याचे गोळे गोठवायचे, पिठाच्या पारीत गुंडाळायचे आणि ते वितळायला लागायच्या आत पारी तळून काढायची. 2010 मध्ये दुसऱ्या एकाने बिअर तळली: खारट पिठाची चौकोनी करंजी, आत बिअर, काही सेकंद तेलात. इतक्या कमी वेळात दारू काही उडून जात नाही, म्हणून 21 वर्षांखालच्यांना ती करंजी मिळायची नाही. बाकी तळलेलं सगळं पाळण्यातल्या बाळालाही चालतं.

त्याच जत्रेत बिग टेक्स नावाचा काउबॉयचा पुतळा हात हलवत उभा असतो. 2012 मध्ये ऐन जत्रेत त्याच्या विजेत बिघाड झाला आणि तो भर दिवसा जळाला. मागे राहिला सांगाडा. पुढच्या वर्षी नवा आणला, 55 फुटी. डॅलसच्या जत्रेत अंगाला चटका लावून न घेता कुणी परत जात नाही, एवढंच यातून घ्या.

आयोवाने 2011 मध्ये हे लोणी काडीवर आणलं आणि माझ्या वाट्याला ते पुढे कधीतरी आलं. दालचिनी-मधाच्या पिठात बुडवून तळलेली लोण्याची अख्खी कांडी, वर साखरेची झिलई. खाण्याची पद्धत सांगतो, कारण तिथे कुणी सांगत नाही. उभी धरून चावू नका. पहिल्या चाव्याला आतलं लोणी वितळलेलं असतं आणि त्याला खाली जायची घाई असते: हनुवटी, मनगट, कोपर. उकडीच्या मोदकावर तुपाची धार सोडतो ना, ती इथे मोदकाने तुमच्यावर सोडली असं समजा. मी शर्ट बदलायला गाडीकडे गेलो तेव्हा मागून आई म्हणाली, “अरे, कोपर तरी चाटून जा, लोणी आहे ते.”

आई सातारची, त्या वर्षी सहा महिने आमच्याकडे होती. शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये म्हणून तिची हकिकत देतो. ती कॉर्न डॉगला शिवली नाही. पण फनेल केकच्या गाडीसमोर मात्र चांगली दहा मिनिटं खिळून राहिली. नरसाळ्यातून पातळ पीठ गरम तेलात गोल गोल सोडायचं, जाळीदार चकती दोन्हीकडून तळायची, वर पिठीसाखर भुरभुरायची. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांचा हा पदार्थ. आमच्या आईच्या मते, पाक करायचा कंटाळा आलेल्या माणसाची जिलबी. गाडीवरच्या पोराने पहिली चकती काढली तशी ती पुटपुटली, “तेल तापलंच नाहीये. बघ कशी तळाशी बसली.” दुसरी काढली. “आता बरी आली.” तिसरीला तिने मला पैसे काढायला सांगितले. पिठात अंडं असतं हे मला माहीत होतं. तुम्हालाही आता माहीत झालं. आईला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नाही. जत्रेत असं सोवळं पाळावं, म्हणजे न विचारता.

तिच्या लेखी त्या दिवशी एकादशी होती. म्हणून तिने बटाटा तेवढा खाल्ला असं ती अजून सांगते. बटाटा होता, हे खरं. त्याचं एक वेटोळं काडीभोवती गुंडाळलेलं होतं आणि ते तळलेलं होतं. साबुदाणावडा खाऊन उपास करणाऱ्या समाजाने अमेरिकन माणसाच्या तळणाला हसू नये हे मला मान्य आहे. पण एकादशी दुप्पट खाशी हे आपण म्हणीपुरतं तरी कबूल केलंय. त्यांना अजून तेवढीसुद्धा म्हण सुचलेली नाही.

वेळ असेल तर मिनेसोटालाही जा. तिथे बिस्किटांची बादली मिळते. बादली ही अतिशयोक्ती नाही, कडीची प्लास्टिकची बादली, वर शीग लावून. शेजारी हवं तितकं दूध प्या, पैसे एकदाच. शिवाय दूध उत्पादकांच्या घरातली एक तरुणी दर वर्षी निवडतात आणि नव्वद पौंडी लोण्याच्या ठोकळ्यातून तिचं डोकं कोरतात. ऑगस्टच्या उकाड्यात ती काचेच्या शीतपेटीत हिवाळी कोट घालून तासन् तास बसते, आणि नंतर ते डोकं तिला घरी न्यायला देतात. आपल्याकडे सत्काराला शाल-श्रीफळ देतात, नारळ निदान चटणीला होतो. स्वतःचं नाक पोळीला लावायचं की कान, हा प्रश्न आपल्या सत्कारमूर्तींना पडत नाही.

विस्कॉन्सिनचे क्रीम पफ 1924 पासून चालत आलेत. तेही खा, क्रीम मिशीला लागतं, बाकी फारसं सांगण्यासारखं नाही.

एवढं सगळं झाल्यावर घड्याळातली पावलं बघा. बारा-चौदा हजार सहज भरतील, कारण दोन कढयांमधलं अंतर बरंच ठेवलेलं असतं. आकडा फॅमिली ग्रुपवर टाका. खाल्लेल्याचा फोटो टाकू नका. घरी आल्यावर ‘आज काही नको, नुसता वरणभात’ असं म्हणायची पद्धत आहे. वरणभातावर तूप घ्यावं की नाही, यावर आमच्याकडे थोडा वेळ चर्चा झाली आणि घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई बेसिनपाशी काही घासत होती. जत्रेतल्या सगळ्या काड्या तिने पिशवीत भरून आणल्या होत्या, माझ्या, नातवाच्या, शेजारच्या बाकावर कुणी टाकून गेलेल्यासुद्धा. गरम पाण्याने तेल काढून, पुसून, तिने त्या उन्हात वाळवल्या. बाल्कनीतलं टोमॅटोचं रोप महिनाभर मान टाकून पडलं होतं. संध्याकाळी बघतो तर कॉर्न डॉगच्या काडीला दोऱ्याने बांधून ते सरळ उभं.