सुखाच्या बाबतीत मी एमिलीबाईंच्या पार्टीची

सुखाचा विषय निघाला आणि समोरचा थोडंफार वाचणारा असला, की फ्रेंच लेखक व्होल्तेअरची बाग येतेच. त्याच्या 'कांदीद' कादंबरीचा शेवट. युद्ध, लिस्बनचा भूकंप, फटके, जहाज फुटणं, सगळं भोगून झालेली मंडळी कॉन्स्टँटिनोपलजवळ एका जमिनीच्या तुकड्यावर येऊन टेकतात आणि कांदीद म्हणतो, ते सगळं खरं, पण आपण आपल्या बागेची मशागत केली पाहिजे. 'जगी सर्वसुखी असा कोण आहे' ऐकत वाढलेल्या आपल्याला हे लगेच पटतं.

पुस्तक माझंही लाडकं आहे. पण ते वाक्य सुखाचं नाही, दमलेल्या माणसाचं आहे. जिच्यासाठी कांदीद अर्धं जग पालथं घालतो, त्या क्युनेगोंदशी लग्न करायची त्याला शेवटी इच्छाच उरलेली नसते. तिचा भाऊ आडमुठेपणा करतो, म्हणून हा चिडून लग्न करतो! त्याच काळातल्या विचारवंत रूसोचं तर विचारूच नका. होडीत उताणं पडून तळ्यात वाहवत जाणं हे त्याचं सुख. त्याचं त्याला लखलाभ.

मला भावते ती एमिली द्यु शात्ले. व्होल्तेअरची मैत्रीण म्हणून तिचं नाव घेतात, तेच मुळात चुकीचं. बाई गणिती होती, न्यूटनचा गती आणि गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ 'प्रिन्सिपिया' तिने फ्रेंचमध्ये आणला. १७४० च्या दशकात तिने सुखावर एक निबंध लिहिला. सुखी व्हायचं तर काय हवं? पूर्वग्रह नकोत, सदाचार हवा, तब्येत हवी, आवडीनिवडी आणि उत्कट ओढी हव्यात. आणि, हे माझं सगळ्यात आवडतं, भ्रमात रमता आलं पाहिजे. ती म्हणते, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला मी इतरांपेक्षा जास्त हसते, कारण पाव तासात मला खरंच वाटायला लागतं की बाहुलीच बोलतेय. न्यूटन कोळून प्यायलेली बाई हे लिहिते! दोरी कुठे आहे हे तिला ठाऊक आहे, तरी ती हसते.

यावर कुणीतरी फ्लोबेरच्या कादंबरीतली एमा बोव्हारी काढणारच. कादंबऱ्या वाचून डोक्यात भ्रम भरले आणि बिचारी आर्सेनिक खाऊन मेली. मला हे पटत नाही. फ्लोबेर नीट वाचा. प्रियकरांनी तिला सोडलं हे खरं, पण विषापर्यंत नेलं ते कापडवाल्या सावकाराच्या वचनचिठ्ठ्यांनी. जप्तीची नोटीस आली नसती, तर एमाने आणखी एखादं प्रेम नक्की केलं असतं.

एमिलीबाई काही साध्वी नव्हती. फोंतेनब्लोच्या राजवाड्यात राणीच्या पत्त्यांच्या टेबलावर ती प्रचंड रक्कम हरली. शेवटी व्होल्तेअरने तिला इंग्रजीत सांगितलं, तू लबाडांशी खेळतेयस. दरबारात ते कुणालातरी कळलंच आणि दोघांना रातोरात पळावं लागलं, असं त्याचा सेक्रेटरी लिहून गेलाय. व्होल्तेअरचं प्रेम निवल्याचंही ती त्या निबंधात सरळ मांडते. रडगाणं नाही. अभ्यासाची गोडी बायकांना पुरुषांपेक्षा जास्त गरजेची, असं ती का म्हणते? पुरुषांना नाव कमवायला युद्ध आहे, राजकारण आहे. बाईला अभ्यासाशिवाय दुसरी वाटच नाही. आणि अभ्यासाचं सुख दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसतं.

म्हातारपणी काय उरेल, याचीही तिने यादी केली होती: जुगार, अभ्यास आणि चमचमीत खाणं. ते म्हातारपण तिला मिळालं नाही. १७४९ मध्ये, ४२ व्या वर्षी, बाळंतपणानंतर सहा दिवसांत ती गेली. तोवर रात्र रात्र जागून न्यूटन चालूच होता. ते भाषांतर पूर्ण छापलं गेलं १७५९ मध्ये, नेमकं 'कांदीद'च्याच वर्षी. सुखाचा निबंध तर १७७९ मध्ये, व्होल्तेअरही गेल्यावर.

निबंध छोटा आहे, इंग्रजीत मिळतो, एका बैठकीत होतो. वाचा आणि कमेंटमध्ये भांडायला या. जुगाराच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने असेन, तिथे माझंही तिच्याशी पटत नाही.