२१ दिवसांत शांत व्हायचं म्हणे!

'फक्त २१ दिवस राग गिळा, जन्मभर शांत राहा.' सांगली-मिरजेतल्या कुठल्याही फॅमिली ग्रुपवर हा मेसेज एव्हाना येऊन गेला असेल. नियम असे: २१ दिवस अजिबात चिडायचं नाही. एकदा जरी चिडलात तर मोजणी परत एकपासून. राग अनावर झाला तर उशी बडवून मोकळं व्हायचं. मुलांसमोर चॉकलेट ठेवून त्यांना थांबायला शिकवायचं. आणि रोजचं आपलं, दहा आकडे मोजायचे. एरवी मी असलं काही न वाचता डिलीट करतो. पण आमच्या वहिनीनं ते मनावर घेतलंय.

आधी हे २१. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. ऑपरेशननंतर नवा चेहरा पेशंटच्या अंगवळणी पडायला किमान २१ दिवस जातात, असं त्यानं १९६० मध्ये लिहिलं. फिरता फिरता 'किमान'चं 'फक्त' झालं. नाकाच्या ऑपरेशनचा आणि माणसाच्या तापटपणाचा संबंध काय, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मात्र हे नीट तपासलं. ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला लावून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून २०१० मध्ये छापून आलेला त्यांचा हिशोब असा, की सवय मुरायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. मधला आकडा ६६. ही फळ खायची गोष्ट. अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद काढायला आठ-नऊ महिने थांबणारा आमचा जिल्हा २१ दिवसांत स्वभाव पालटायला निघालाय!

पण खरा वैताग दुसऱ्या नियमाचा. वहिनीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्केचपेननं फुल्या मारायला सुरुवात केली. संध्याकाळी एका शेगडीवर दूध, एकीवर आमटी, आणि ओट्याला टेकून पोरगा सातचा पाढा म्हणतोय. 'सात आठे' आलं की हा हटकून छताकडे बघणार. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि वहिनी ओरडली. झालं, सगळ्या फुल्या बाद. "भावजी, आज परत पहिला दिवस. माझं डोकंच तसलं आहे बघा." चिडण्याचं दुःख राहिलं बाजूला, वर हे अपराधीपण. आणि त्याच लॅलीबाईंच्या अभ्यासात स्पष्ट आहे की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे एकपासून मोजायचा नियम कुणीतरी घरी बसून रचलाय. वहिनीला कॅलेंडर नको, वेळ बदलून हवीय. पाढे जेवणानंतर घ्या, आणि दादानं घ्या. त्याचा संयम किती आहे तेही एकदा कळू दे.

उशीचं थोडक्यात. ज्याच्यावर राग आलाय त्याला डोळ्यांपुढे आणून गुद्दे मारले तर राग ओसरत नाही, उलट चढतो, हे प्रयोगांत दिसून आलंय. शिवाय उशी फाटते.

चॉकलेटचा प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, मुळात मार्शमेलो नावाच्या मऊ मिठाईचा: आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. 'थांबणारी मुलं पुढं जातात' हे त्यातूनच पसरलं. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो फरक पुष्कळच आटला. तेव्हा पाच वर्षांच्या पोराला ताटकळवून त्याचं भविष्य बघायचा उद्योग कृपा करून बंद करा.

राहिले दहा आकडे. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. मधे जरा वेळ गेला की तोंडाला आलेला शब्द कधीकधी मागे फिरतो. पण ऐन रागात मोजायचं आठवतं कुणाला? म्हणून कुठं चिडतो ते आधीच हेरून, तिथं काय करायचं ते ठरवून ठेवायचं. विश्रामबागच्या सिग्नलला मागचा हॉर्न वाजवायला लागला की आरशात बघायचं नाही. बँकेत रांग दिसली की आधी टोकन, मग खुर्ची, काउंटरवर वाकून उभं राहायचं नाही. आणि रात्री अकरानंतर भावकीच्या ग्रुपवर उत्तर टाइप करायचंच नाही, सकाळी बघू.