आतेचा अंगठा आणि बँकेचे उत्तर

माझ्या आतेच्या खात्यातून ९,००० रुपये गेले. त्याबद्दल केलेल्या तक्रारीला बँकेचे जे लेखी उत्तर आले, त्यातला मुद्दा एवढाच आहे की हा व्यवहार ग्राहकाच्या स्वतःच्या बोटाच्या ठशाने प्रमाणित झालेला असल्यामुळे बँकेवर जबाबदारी येत नाही. हे वाक्य वाचल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही, कारण ते खोटे नाही. अंगठा खरोखरच आतेचा होता.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात मी गेली आठ वर्षे बँक मित्र म्हणून, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देण्या-घेण्याचे, केंद्र चालवते. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे आणि अंगठा लावायचा, की एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम हातात मिळते. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, मोबाइलवर ओटीपी येत नाही. ज्या बाईला सही करता येत नाही आणि जिच्याकडे फोन नाही, तिला एसटीची वाट बघत तालुक्याच्या शाखेत जावे लागू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती फार मोठी सोय आहे. निराधार योजनेचे पैसे घेऊन घरी निघालेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा मी रोज पाहते. म्हणून ही पद्धत बंद करा असे मी म्हणत नाही. एकट्या बोटावर एवढा भरवसा टाकू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्याकडच्या बायकांची बोटे कशी असतात, हे यंत्र बनवणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर काढताना राख किंवा खोबरेल लावूनही बीचा चीक बोटांना लागतोच. कातडी आधी काळी पडते, मग करपते, मग पापुद्रे निघतात. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांचे हे बारमाही आहे. मासळी साफ करणाऱ्या बायकांची बोटे पाण्याने आणि मिठाने सुरकुतलेली असतात, चिरेखाणीवर काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. माझ्या केंद्रात हंगामाच्या दिवसांत पहिल्याच प्रयत्नाला ठसा उठणे ही नवलाची गोष्ट असते. अंगठा नाही तर तर्जनी, उजवा हात नाही तर डावा, बोट फडक्याने पुसून, जरा कोमट पाण्यात धरून असे आम्ही प्रयत्न करत राहतो. इथल्या प्रत्येक बाईला ‘आंगठो लागूक नाय, परत ठेव’ हे वाक्य पाठ झालेले आहे, आणि ते ऐकून तिला कसलाही संशय येत नाही.

चोरी झाली ती नेमकी या वाक्याच्या आडून. मी त्या दिवशी लग्नासाठी कुडाळला गेले होते, म्हणून आते बाजाराच्या गावातल्या दुसऱ्या एका केंद्रावर गेली. तिला २,००० रुपये हवे होते. तिने अंगठा ठेवला, माणसाने यंत्राकडे पाहून नकारार्थी मान हलवली आणि परत ठेवायला सांगितले. दुसऱ्यांदा ठेवल्यावर तिला २,००० रुपये मिळाले आणि ती घरी आली. बारा दिवसांनी पासबुक भरून आणले तेव्हा एकाच तारखेला दोन नोंदी दिसल्या, एक ९,००० रुपयांची आणि एक २,००० रुपयांची. मी खात्याचा तपशील मागवला तेव्हा दोन्ही नोंदींत चार मिनिटांचे अंतर निघाले. मेसेज आला असणार तो तिच्या मुलाच्या विरारच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर त्याने कधीच बंद केला आहे.

यंत्राचा पडदा चालवणाऱ्याकडे असतो आणि ग्राहकापुढे फक्त ठसा घेणारी काच असते. आतेने ९,००० रुपयांना संमती दिली की २,००० रुपयांना, हे त्या काचेवर कुठेच दिसत नाही. बोट ‘मी कोण’ एवढेच सांगते, ‘किती आणि कशासाठी’ हे सांगत नाही. पिन टाकताना माणूस निदान आकड्याकडे बघतो.

ठशाच्या सुरक्षेबद्दल आजवर जी चर्चा झाली, ती बहुतेक नकली बोटाबद्दल झाली. ती भीतीही खरी आहे. जपानी संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ साली जिलेटिनच्या बोटांनी ठसायंत्रे फसतात हे दाखवून दिले होते, आणि तेलंगणात २०१८ साली जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे वापरून सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. आपल्या कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात आणि खरेदीखतावर प्रत्येकाचा अंगठा असतो, तेव्हा हा धोका आपल्याला परका नाही. यावर उपाय म्हणून आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये समोरचे बोट जिवंत माणसाचे आहे का हे तपासणारी व्यवस्था आणली, आणि ती चांगलीच गोष्ट झाली. पण आतेचे बोट जिवंतच होते.

बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तो त्याने पुढे करार नाकारू नये म्हणून. ठसा कागदावर आला तोच मुळी देणाऱ्याला बांधून ठेवण्यासाठी. आज बँक तेच करते आहे, फरक इतकाच की हर्शेलच्या कंत्राटदारापुढे निदान करार तरी होता.

फोनवरच्या ठशाची गोष्ट वेगळी आहे, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये असे मला वाटते. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी फोनवरच बोट किंवा चेहरा वापरण्याची सोय आली, आणि सुरुवातीला तिला ५,००० रुपयांची मर्यादा ठेवली गेली. तिथे ठसा फोनच्या आतल्या सुरक्षित भागातून बाहेर पडत नाही, फोन स्वतःचा आणि हातात असावा लागतो, आणि रक्कम व घेणाऱ्याचे नाव पैसे देणाऱ्यालाच दिसते. मासळीच्या लिलावात गर्दीत उभे राहून पिन दाबण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण शेजारचा पिन पाहू शकतो, बोट उचलून नेऊ शकत नाही. फक्त आपल्या घरांत एकाच फोनवर मुलाचे, पुतण्याचे, सगळ्यांचे बोट नोंदवलेले असते, ते आधी काढून टाकावे, कारण फोनच्या लेखी ती सगळी बोटे सारखीच.

आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे ठशाच्या वापराला कुलूप लावा, असा सल्ला शिकलेली माणसे सहज देतात. आधारच्या मोबाइल अ‍ॅपवर ते करता येते आणि हवे तेव्हा दहा मिनिटांपुरते उघडताही येते. पण रेशन दुकानातल्या यंत्रावरही तोच अंगठा लागतो, आणि जिच्याकडे फोन नाही ती दुकानाच्या रांगेत उभी राहून कुलूप कसे उघडणार? काही बँका खात्यापुरते अंगठ्याचे व्यवहार बंद करून देतात. तेच सगळीकडे आधीपासून बंद असावे आणि खातेदाराने मागितल्यावरच, त्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत, चालू करावे. ग्राहकाच्या बाजूला रक्कम दाखवणारा आणि ती मराठीत मोठ्याने बोलणारा पडदा असावा. फसलेल्या प्रयत्नाचीही पावती देणे सक्तीचे असावे; मी माझ्या केंद्रात ती देते, त्याला कागदाच्या एका तुकड्याहून जास्त खर्च येत नाही. केंद्र चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये निर्देश दिले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, याचा मला बँक मित्र म्हणून आनंदच आहे, कारण एका चोरामुळे आम्हा सगळ्यांकडे संशयाने पाहिले जाते.

आतेच्या बाबतीत मी हार मानलेली नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि तक्रारीचे दिवस ग्राहकाला कळवल्यापासून मोजायचे आहेत. बंद पडलेल्या नंबरवर पाठवलेला मेसेज म्हणजे कळवणे होते का, हा प्रश्न मी नव्या अर्जात विचारला आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांकही अर्जात घातला आहे. सोमवारी आतेला घेऊन शाखेत गेले, पोच घेतली, आणि तिच्या खात्यावरचे अंगठ्याचे व्यवहार बंद करण्याचा फॉर्मही तिथेच भरला. फॉर्मवर सहीच्या जागी अंगठा हवा होता. तिने शाईत बुडवून तीन वेळा उमटवला, तरी मधल्या रेषा उठल्या नाहीत.