सेकंदाला ५० बॉल टाकणारा लोडर घेतल्याने बंदूक वेगाने चालत नाही

पेंटबॉल खेळणाऱ्यांमध्ये लोडरबद्दल, म्हणजे बंदुकीवर बसवून तिला रंगाचे बॉल पुरवणाऱ्या डब्याबद्दल, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नव्या खेळाडूने ‘लोडर कोणता घेऊ?’ एवढं विचारायचा अवकाश, कोणीतरी तो चिकटवतोच. सल्ला थोडक्यात असा: ग्रॅव्हिटी हॉपर, म्हणजे बॉल नुसते स्वतःच्या वजनाने खाली पडतात तो साधा डबा, फेकून द्या. मोटरचा लोडर घ्या, आणि तोही सेकंदाला सगळ्यात जास्त बॉल टाकणारा. बंदूक वेगाने चालेल, बॉल फुटणं थांबेल. वर जास्त व्होल्टची बॅटरी, नवा बोर्ड आणि स्पीड फीड बसवला की बघायला नको.

मोटरचा लोडर घ्यावा, इथपर्यंत माझं काही भांडण नाही. पुढचं बहुतेक सगळं चुकीचं आहे, आणि त्या नादात लोक दोनशे-तीनशे डॉलर घालून बसतात.

आधी वेगाचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. काही लोडरच्या जाहिरातीत ‘सेकंदाला ५० पेक्षा जास्त’ असं लिहिलेलं असतं. पण बंदूक किती वेगाने मारणार, हे तिचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो आणि मेकॅनिकल असेल तर तुमचं बोट. अमेरिकेतल्या स्पर्धांत वेगावर मर्यादा असते. २००० नंतरच्या दशकात ती सेकंदाला १५ होती, मग टप्प्याटप्प्याने खाली आली आणि आज एनएक्सएल या लीगमध्ये साधारण साडेदहा आहे. साध्या मेकॅनिकल ट्रिगरवर बहुतेकांचं बोट सहा-सात-आठच्या पुढे जात नाही. मग उरलेले चाळीस बॉल कोणासाठी?

गणितच मांडू. बॉलचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर. एक बॉल सुटला की फीडनेकमधली, म्हणजे लोडरखालच्या नळीतली रांग तेवढीच खाली यायची असते. नुसतं गुरुत्वाकर्षण धरलं आणि घर्षण शून्य मानलं, तरी त्याला सुमारे ५९ मिलिसेकंद लागतात. साडेदहाच्या वेगाला एका शॉटच्या वाट्याला ९५ मिलिसेकंद येतात. पण ते सगळे बॉलला मिळत नाहीत, बोल्ट (बॉलला बॅरलमध्ये ढकलणारा दट्ट्या) पुढे असेपर्यंत वाट बंद असते. वर जिलेटिनचं कवच, नेकचं घर्षण आणि धावताना हलणारी बंदूक. त्यामुळे या वेगाला ग्रॅव्हिटी अगदी काठावर येते. बॉल ढकलून देणारा लोडर लागतो तो इथे. सेकंदाला २५ टाकणारा लोडर ४० मिलिसेकंदांत बॉल देतो, ५० टाकणारा २० मध्ये. बहुतेक बंदुकांना दोन्ही पुरतात. उडी मारून आडवं पडल्यावर नेकमध्ये रिकामी फट पडते, ती भरून काढायला जादा वेग थोडाफार कामी येतो, हे मान्य. पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे असतील तर ज्याची त्याची मर्जी.

‘मोटरचा लोडर’ असा एकच प्रकार नसतो, हेही या सल्ल्यात गाळलेलं असतं. नव्वदच्या दशकात गाजलेल्या व्ह्यूलोडर रिव्होल्यूशनला मोटर होती, नेकमध्ये डोळा, म्हणजे बॉल आहे की नाही ते टिपणारा सेन्सरही होता. पण फट दिसली की त्याचं पातं आतले बॉल फक्त ढवळायचं, खाली ते स्वतःच्या वजनानेच पडायचे. त्याची १२ व्होल्टवाली आवृत्तीही लोकप्रिय होती. तिचं पातं जोरात फिरायचं, पण गुरुत्वाकर्षण होतं तेवढंच राहिलं. हॅलोपासून पुढचे रोटर वगैरे लोडर वेगळे. त्यांच्यात मोटर स्प्रिंगला ताण देते आणि तो ताण बॉलच्या रांगेवर सतत राहतो. बॉल सुटला की स्प्रिंग लगेच पुढचा ढकलते. मोटर फक्त स्प्रिंगचा ताण भरून काढते. म्हणून विकत घेताना विचारायचं ते हे, की हा बॉल ढवळतो की ढकलतो. टिपमनच्या सायक्लोन फीडमध्ये तर मोटरही नाही आणि बॅटरीही नाही. बंदुकीच्याच गॅसवर त्याचं चाक फिरतं.

ग्रॅव्हिटी हॉपरमध्ये बॉल नेकच्या तोंडाशी कमान धरून अडकतात. गिरणीत वर ओतलेले गहू अडले की गिरणीवाला जशी टपली मारतो, तसा अधूनमधून एक हिसका द्यावा लागतो. दर शॉटला हाताने पंप करायच्या बंदुकीला तेवढं पुरतं. लोणावळा-पुण्याकडे किंवा इथे न्यू जर्सीतही भाड्याने मिळणाऱ्या बंदुकांवर तोच असतो, आणि शनिवारच्या खेळात त्याने कोणाचं काही अडत नाही.

आता फुटण्याचं. इथे तर सरळ दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

बॉल नेमका कुठे फुटला ते आधी बघा. ब्रीचमध्ये, म्हणजे सुटण्याआधी बॉल येऊन बसतो त्या जागेत, अर्धवट कापलेलं कवच सापडलं, तर बोल्टने बॉल चिरला. बॅरलमधून रंगाचा फवारा उडाला आणि ब्रीच कोरडी असेल, तर बॉल ठिसूळ आहे किंवा बॅरलला घट्ट होतोय. लोडरच्याच तळाच्या फिरत्या ट्रेमध्ये ओल असेल, तर लोडरवर संशय घ्यायला जागा आहे. तीन वेगळी दुखणी, आणि सल्ला तिन्हींना एकच औषध देतो.

बोल्टने चिरल्याची कारणं बहुतेकदा बंदुकीतच असतात. बॉल पूर्ण आत येण्याआधीच बोल्ट पुढे गेला की चिरतो, हे खरं. पण बहुतेक इलेक्ट्रॉनिक बंदुकांच्या ब्रीचमध्ये डोळे असतात. बॉल पूर्ण बसल्याशिवाय ते गोळी सुटू देत नाहीत. लोडर मंद असला तर वेग घसरेल, बॉल चिरणार नाही. तरीही चिरत असेल तर डोळ्यांवर साचलेला रंग पुसा आणि डिटेंट तपासा. डिटेंट म्हणजे ब्रीचच्या बाजूला असलेली रबराची किंवा स्प्रिंगची इवलीशी बोटं, बॉल पुढे घरंगळू नये म्हणून. हवेची टाकी काढा, शिल्लक हवा सोडा, लोडर काढा. बोल्ट मागे असताना नेकमधून एक बॉल टाका आणि बॅरल जमिनीकडे झुकवा. बॉल आपोआप बॅरलमध्ये गेला तर डिटेंट संपलेत. अशा बंदुकीवर जोरात ढकलणारा लोडर बसवला की एकाऐवजी दोन बॉल आत सरकतात आणि दुसरा चिरला जातो. म्हणजे नवा महाग लोडर लावल्यावर फुटणं वाढतं, आणि लोक लोडरला शिव्या घालतात. डिटेंटची जोडी त्या लोडरच्या किमतीपुढे काहीच नाही.

दुसरा गुन्हेगार म्हणजे बॉल. त्याचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखंच. पहिले पेंटबॉल बनवले ते कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीनेच. जिलेटिन दमट हवेत पाणी ओढून फुगतं आणि मऊ पडतं, थंडीत ठिसूळ होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दुसऱ्या दिवशी वापरून बघा, कोणताही लोडर हात टेकेल. लोडरचा ताण कमी-जास्त करायची सोय असेल तर मऊ बॉलसाठी ताण कमी ठेवा. हा फुकटचा अपग्रेड कोणी सुचवत नाही!

बॅटरीचं लवकर उरकतो. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त ताकद, हे गणित चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला लागू पडत नाही. तिच्यात साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात आणि मोटरचा भार आला की ती लगेच दबते. तीन डबल-ए अल्कलाइन मिळून साडेचार व्होल्टच देतात, पण एकूण ऊर्जा दुपटीहून जास्त. कडाक्याच्या थंडीत लिथियम डबल-ए वापरा. लोडर ज्या व्होल्टसाठी बनलाय त्यापेक्षा जास्त व्होल्ट दिले तर बोर्ड जळायचा.

स्पीड फीड म्हणजे झाकणाऐवजी बसवायच्या लवचीक पाकळ्या. पॉड, म्हणजे जादा बॉलची नळी, उलटा केला की बॉल झरझर आत जातात. सेकंदाला दहाच्या वेगाने २०० बॉल वीस सेकंदांत संपतात, त्यामुळे स्पर्धेत ही सोय मोलाची. जंगलातल्या खेळात, पावसात, झाडाखाली सरपटताना मात्र त्याच पाकळ्यांतून पाणी आणि पालापाचोळा आत जातो. झाकण जपून ठेवा.

पैसे घालण्यासारखा अपग्रेड विचाराल तर जुन्या हॅलोचा रिप ड्राइव्ह. बाहेरच्या चाकावर अंगठा फिरवून अडकलेला बॉल सोडवता येतो, बस्स. वेग एकानेही वाढत नाही आणि तरी तो उपयोगाचा.

त्या सल्ल्यात नसलेली एक गोष्ट लोडर घेताना मी सगळ्यात आधी बघतो, ती म्हणजे आकार. बहुतेक ठिकाणी बंदुकीवर किंवा लोडरवर बॉल फुटला तरी तुम्ही बाद. आडोशाआडून डोकावताना डोक्याच्या जोडीने लोडरही बाहेर येतो, त्यामुळे बुटका आणि अरुंद लोडर म्हणजे समोरच्याला तेवढंच लहान लक्ष्य. त्यानंतर बघतो ते हे, की तो स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडतो का, कारण आत फुटलेला बॉल दोन डावांच्या मधल्या वेळात पुसायचा असतो. जुना घेत असाल तर बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट थर आहे का बघा, ट्रे हाताने फिरवून स्प्रिंग परत येते का बघा, आणि विकणाऱ्यासमोर मूठभर बॉल टाकून चालवा. रिकामा लोडर गरगर फिरतो ते बघून पैसे देऊ नका.