मांजरं-कुत्री पुरे, बेसबॉल शिकवा
इंग्रजी वाक्प्रचारांवरच्या लेखातली 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', 'पीस ऑफ केक' वगैरे शाळेतच घोकून झालीत. ऑफिसात घोडं अडतं ते बेसबॉलमधून आलेल्या वाक्प्रचारांपाशी. अमेरिकन क्लायंट 'बॉलपार्क फिगर' मागतो तेव्हा त्याला फक्त ढोबळ अंदाज हवा असतो. आपला नवखा पोरगा रात्रभर जागून पै-पैचा हिशेब पाठवतो! 'टच बेस' म्हणजे नुसतं बोलून घेऊ. उलट आपण क्रिकेटमधलं 'स्टिकी विकेट' (म्हणजे अवघड परिस्थिती) म्हटलं की पलीकडे शांतता. सर्वांत घातक 'टेबल' करणं. ब्रिटिश माणूस विषय चर्चेला घेतो, अमेरिकन तोच बाजूला सारतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची यावरून चांगलीच जुंपली होती, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे दोघांनाही तो विषय तातडीने घ्यायचाच होता.